७५ वॉटच्या आत

२७ सप्टेंबर २०२३ ला 'काउंटर-स्ट्राइक २' आलं आणि जुनं काउंटर-स्ट्राइक, ज्याला पोरं 'सीएस-गो' म्हणतात, त्याच जागी गडप झालं. ज्यांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं नाही त्यांना यात बातमी काय, ते कळायचं नाही. आमच्या दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरमध्ये मात्र त्या आठवड्यात सुतक पडल्यासारखी शांतता होती.

जुना खेळ २०१२ चा. ऑफिसातल्या साध्या कॉम्प्युटरवरही तो चालायचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी प्रोसेसरच्या पोटातच जे छोटं ग्राफिक्स असतं, त्यावर भागायचं. नव्याची गोष्ट वेगळी. त्यात धूर खरा वाटतो, पाणी खरं वाटतं, आणि या खरेपणाचा सगळा भार कार्डावर. आमच्या मशीनवर जुना खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा, नवा वीस-पंचवीस. एवढ्यात समोरचा माणूस दिसेपर्यंत आपण मेलेलो असतो. चिरंजीव दोन आठवडे मरत राहिले, मग त्यांनी खेळणंच बंद केलं.

खेळ बंद झाला तर अभ्यास होईल, असं आमच्या सौ.चं म्हणणं. कुठल्याही आईचं असंच असेल. पण मी बघत होतो की बंद झालं ते नुसतं खेळणं नव्हतं. मागच्या स्टेशनवर पाच पोरं एका शाळेत, एका बसमध्ये होती. आमचा, एक तेलुगू, एक गढवाली, एक जाट, आणि एक फलटणकडचा. चार वर्षं एकत्र काढली आणि दीड वर्षात पाचही बाप पाच दिशांना गेले. एक सिकंदराबाद, एक जबलपूर, एक देहरादून, आम्ही दिल्ली. फलटणवाल्याच्या वडलांना पेन्शन आली, ते गावी गेले. फौजेतल्या पोराला बालमित्र नसतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंकांवर नवा पत्ता रंगवायचा आणि पोराने नव्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. या पाचजणांनी मात्र शुक्रवार-शनिवार रात्री नऊची वेळ धरून ठेवली होती. खेळ निमित्त, कानाला हेडफोन लावून गप्पा. मी पलीकडच्या खोलीतून ऐकायचो. अर्धा वेळ एकमेकांच्या शाळेतल्या मास्तरांची नक्कल चालायची.

डावपेच म्हणाल तर भयाण. सगळे एकाच दारातून घुसायचे, कव्हर फायर कोणी द्यायचं नाही. पलटणीत अशी पेट्रोल नेली असती तर सुभेदार मेजर साहेबांनी काय केलं असतं, ते इथे लिहिता येणार नाही. शिवाय या खेळात रायफल साफ करावी लागत नाही, हा मला त्यातला सगळ्यात मोठा दोष वाटतो.

तर चिरंजिवांची मागणी आली: ग्राफिक्स कार्ड. बजेट विचारलं तर म्हणाला, "पप्पा, तुम्ही म्हणाल ते." मी आठ हजार म्हणालो. आणखी एक अट मी मनात ठेवली होती, ती नंतर सांगितली. एप्रिलमध्ये मी फील्डला जाणार होतो. पोराची बारावी, म्हणून सौ. आणि तो दिल्लीतच राहणार. म्हणजे घरात जे काही बसवायचं ते मी नसताना रात्रभर चालू राहिलं तरी धूर निघता कामा नये, आणि बिघडलं तर त्याला स्वतःला उघडता आलं पाहिजे. युनिटचं नाव नेहमीप्रमाणे नाही. एवढंच सांगतो की मी वर्कशॉपमधला माणूस आहे, वायर वितळल्याचा वास आयुष्यभर घेतलाय.

मशीन कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड घेतलेलं. मोठ्या कंपन्या डेस्कटॉप भाड्याने घेतात आणि मुदत संपली की लॉटने परत करतात, त्यातला एक. चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. अशी मशीनं दणकट असतात, पण ती कारकुनी कामासाठी बनवलेली. चिरंजीव आठवडाभर कार्डांचे व्हिडिओ बघत होते. मी त्याला म्हटलं, आधी कॅबिनेट उघड आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढ.

इथे जरा थांबतो, कारण जुन्या मशीनमध्ये कार्ड टाकणाऱ्या शंभरातले नव्वद जण इथेच घसरतात. कार्ड किती ताकदीचं, हे सगळे विचारतात. त्याला खायला कोण घालणार, हे कोणी विचारत नाही. रणगाडा पुढे न्यायचा आणि डिझेलची गाडी मागेच ठेवायची, असा प्रकार. आमच्या एसएमपीएसवर २९० वॉट लिहिलेलं. प्रोसेसर जोरात चालला की ८४ वॉट खातो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास धरा. उरले दीडशेच्या आसपास, आणि जुना एसएमपीएस काठोकाठ भरायचा नसतो. त्यात आमच्या डब्यातून कार्डासाठी वेगळी वायरच येत नव्हती. बदलून मोठा एसएमपीएस टाकावा तर या मदरबोर्डचा पॉवरचा प्लग बाजारातल्या २४ पिनांचा नाही, त्याचा स्वतःचा वेगळाच. म्हणजे कार्डाला जे काही मिळणार ते ज्या खाचेत ते बसतं तिथूनच. पीसीआय एक्सप्रेसच्या त्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढे एक वॉटही नाही.

मी कागदावर मोठ्या अक्षरात '७५' लिहिलं आणि भिंतीला चिकटवलं. चिरंजिवांच्या यादीत सतरा कार्डं होती. त्या आकड्याने तेरा कापली.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही नेहरू प्लेसला गेलो. रविवारी तिथे बहुतेक शटर खाली असतं, म्हणून शनिवार. सदर बाजार कॅन्टोन्मेंटहून मॅजेंटा लाइन थेट कालकाजी मंदिरला जाते, तिथून व्हायोलेट लाइनचं एकच स्टेशन. धुक्यात मेट्रो शंकर विहारवरून जाते तेव्हा खिडकीतून आपलीच माणसं पीटी करताना दिसतील असं वाटत राहतं.

ज्यांनी मुंबईचं लॅमिंग्टन रोड पाहिलंय त्यांना नेहरू प्लेस समजायला वेळ लागत नाही. फरक एवढाच की तिथे रस्ता आहे, इथे मधोमध मोठा चौक आणि भोवती उंच इमारती. चौकात फरशीवर मोबाईलची कव्हरं, चार्जर, कीबोर्ड मांडलेले. दर दहा पावलांवर कोणीतरी कानाशी येऊन "लॅपटॉप? प्रिंटर? कार्ट्रिज?" म्हणतो. खरा माल वर, अंधाऱ्या जिन्यांच्या आणि गल्ल्यांच्या पोटात. नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांतून निघालेली मशीनं भिंतीला भिंत लावून रचलेली. आमच्या कॉम्प्युटरची शेकडो भावंडं तिथे पाहिली.

पहिल्या दुकानात एक आरएक्स ५८० दाखवलं. ८ जीबी, दोन पंखे, दिसायला एकदम जवान. किंमत आमच्या बजेटात. चिरंजिवांचे डोळे लकाकले. हे कार्ड १८५ वॉट घेतं. मी विचारलं, पॉवर कुठून देऊ? दुकानदाराने ड्रॉवरमधून वायरीचा एक तुकडा काढला. एका टोकाला डिस्कला लागतात ते दोन साटा प्लग, दुसऱ्या टोकाला आठ पिनांचा प्लग. "सौ रुपये, भाईसाहब. सब लगाते हैं."

सब लगाते हैं, हे खरंच आहे. म्हणूनच लिहितोय. साटाच्या एका प्लगमधून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॉट नेण्याची सोय असते. दोन मिळून १०८. आठ पिनांचा प्लग मागू शकतो १५०. त्यात जुन्या मशीनमध्ये ते दोन्ही साटा प्लग बहुधा एकाच वायरीवर ओवलेले असतात. पोरगं तासन्‌तास खेळत बसतं, प्लगचं प्लास्टिक हळूहळू मऊ होतं, आणि एका रात्री वास येतो. मी चिरंजिवांना तिथेच उभ्या उभ्या हिशोब करायला लावला. त्याने मोबाईलवर बेरीज केली: ८४, १८५, ४५. तीनशे चौदा. आमचा डबा २९०. तो काही बोलला नाही, कार्ड परत ठेवून दिलं. दुकानदार मात्र रागावला.

अशी कार्डं बाजारात इतकी स्वस्त का झाली, तेही सांगतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणायचा' धंदा एका दिवसात बसला. मग रॅकमध्ये रात्रंदिवस जळत असलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली. असं कार्ड वाईटच असतं असं नाही. आपल्याकडेही हाय अल्टिट्यूडला झिजलेली गाडी नीट ओव्हरहॉल केली तर चालते. पण पंख्याच्या बेअरिंगचा आवाज ऐकावा, पेस्ट वाळली आहे हे धरून चालावं, आणि 'घरात पोराने वापरलंय' या वाक्यावर पैसे वाढवून देऊ नयेत.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानात त्याहून भारी नमुना भेटला. जीटीएक्स १०५० टीआय, साडेतीन हजार! हे कार्ड २०१६ चं, ७५ वॉटचं, आमच्या यादीतलंच. पण त्या वेळी जुनंसुद्धा एवढ्यात मिळत नव्हतं. चिरंजिवांनी ते उलटं केलं आणि मागच्या पट्टीकडे बोट दाखवलं. निळं, पंधरा भोकांचं व्हीजीएचं तोंड. बाजूला सहा पिनांचं पॉवरचं तोंडही. या पिढीच्या चिपमधून जुना ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. त्या कार्डावर व्हीजीए दिसलं की संशय घ्यावा. २०१०-११ च्या काळातली जुनी चिप घ्यायची, तिच्या बायॉसमध्ये नवं नाव भरायचं आणि वर नवा स्टिकर लावायचा, हा उद्योग बराच चालला. विंडोजसुद्धा त्याच नावाने हाक मारतं. 'जीपीयू-झेड' नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो २०१८ पासून अशा कार्डापुढे सरळ 'फेक' असं लिहून दाखवतो. आमच्या खिशात तो पेन ड्राइव्हवर होता. पोराने दुकानदाराला विनंती केली की बेंचवर लावून बघू का. दुकानदाराला अचानक आठवलं की बेंच खराब आहे.

त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. बाजारात फसायचं नाही ही गोष्ट शाळा शिकवत नाही.

दुपारी चौकाच्या कडेला छोले-कुलचे खाल्ले. उरलेल्या चारांतून दोन नावं राहिली. एक नवंकोरं, आरएक्स ६४००. फक्त ५३ वॉट, वॉरंटी पूर्ण. कागदावर आमच्यासाठीच बनवल्यासारखं. पण त्याला मदरबोर्डशी बोलायला चारच लेन दिल्या आहेत. नव्या बोर्डवर त्या लेन जलद असल्याने भागतं. आमच्या जुन्या बोर्डवर, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत, त्याच लेनचा वेग निम्मा होतो. सहा पदरी हायवेवरून आलेली गाडी गावच्या एकेरी पुलावर अडकावी तसं. शिवाय किंमत बजेटच्या वर. दुसरं जीटीएक्स १६५०. २०१९ चं, ४ जीबी, ७५ वॉट, सोळाच्या सोळा लेन. यात एकच खोच आहे: या नावाची बरीच कार्डं कंपन्यांनी थोडी ताणून, सहा पिनांचं तोंड लावून काढली. आम्हाला बिनतोंडाचं हवं होतं, आणि एकाच पंख्याचं, कारण कॅबिनेटमध्ये डिस्कचा पिंजरा आडवा येत होता. लांबी घरून मोजून आणली होती.

ते चौथ्या दुकानात मिळालं. म्हातारे सरदारजी, बोलणं कमी. स्वतःहून बेंचवर लावलं, जीपीयू-झेड उघडून दिलं, 'फरमार्क' लावून पंधरा मिनिटं तापवलं. पारा ७१ वर जाऊन थांबला. कोअर ८९६, मेमरी बस १२८ बिट, सगळं नावाला जागणारं. बिल होतं, वॉरंटीचे पाच महिने बाकी होते. सात हजार पाचशे सांगितले, सात हजार दोनशेला दिलं. फौजी म्हणून सवलत मागितली नाही. मला ते आवडत नाही. त्यांनी निघताना विचारलं, "कौन सी पलटन?" मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांचा भाऊ शीख लाइटमध्ये होता. होता, एवढंच म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

खाली येऊन सातशेची डीडीआर-३ रॅमची जुनी पट्टी घेतली. पहिल्या रॅमच्या जोडीने दुसरी लावली की दोन्ही वाटांनी काम चालतं, आणि हा फरक कार्डाएवढा नसला तरी खेळात चांगला जाणवतो. तीनशेचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. आमचा मॉनिटर १९ इंची, जुना, फक्त व्हीजीएचा. नवा मॉनिटर हा विषय चिरंजिवांनी काढला, मी बंद केला. तसंही १४४० बाय ९०० म्हणजे तेरा लाखांच्या आत ठिपके, फुल एचडीला वीस लाखांच्या वर लागतात. छोट्या पडद्यावर छोटं कार्ड मोठं होतं. एकूण आठ हजार दोनशे. दोनशे सौ.ने दिले, हे लिहायला सांगितलंय.

घरी आल्यावर मी टॉर्च धरला, बाकी सगळं त्याने केलं. मुद्दामच. प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट घालवला, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. दिल्लीच्या थंडीत हवा कोरडी, लोकरीच्या स्वेटरमधून ठिणगी उडते. मग धूळ. दिल्लीची धूळ पिठासारखी बारीक, आणि वर्षभरात पंख्याच्या पात्यांवर तिची गोधडी होते. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारायचा, मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगाने फिरतो. कार्ड खाचेत बसलं तेव्हा मागच्या खिट्टीचा टक् आवाज आला. मॉनिटरची वायर कार्डात, मदरबोर्डात नाही. बटण दाबलं, पडदा उजळला.

सेकंदाला नव्वदच्या आसपास चित्रं. धूर आला की साठ. मॉनिटर साठच्या वर दाखवतच नाही, म्हणजे काटेकोर पुरलं.

एप्रिलमध्ये निघायच्या आधी आमचा एक नियम मी पुन्हा उजळला. जुलै २०२० मध्ये सेनेने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली, त्यात फेसबुक, इन्स्टाग्रामबरोबर पबजीही होतं. आपण काढली. पण घरातल्या पोराच्या हेडफोनला कोणी आदेश देत नाही, तो आपणच द्यायचा. खेळ या पाचजणांतच, बोलणं बंद गटात, अनोळखी आला की माइक बंद. पप्पा कुठे आहेत, कधी गेले, कधी येणार, हे मित्रालाही नाही. पाचही बापांनी आपापल्या घरी हेच सांगितलंय, असं नंतर कळलं. पोरांनी यावर तोडगा काढला आहे. कोणाचा बाप फील्डला असेल तर म्हणायचं, "पप्पा ड्यूटीवर." पाचांपैकी कोणी पुढे विचारत नाही.

मे महिन्यात दिल्ली तापली तेव्हा फोन आला. मी जिथे होतो तिथे रात्री पाणी गोठत होतं आणि हा सांगतोय, "कार्ड ८३ वर जातंय." मी विचारलं, कूलर कुठे ठेवलाय? कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येत होती. हलवायला सांगितला, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगितलं आणि खेळाची चित्रं साठला बांधून टाकायला सांगितली. उगाच नव्वद काढून कोणाला दाखवणार? दुसऱ्या दिवशी ७४. अभ्यासाचंही विचारलं. त्याचं उत्तर कार्डाच्या उत्तराएवढं नेमकं नव्हतं.

जुलैत सुट्टीवर आलो तेव्हा शुक्रवारी रात्री नऊला तो खेळत नव्हता, हेडफोनवर बोलत होता. जबलपूरवाल्याला कार्ड घ्यायचं होतं. त्याने कुठलं तरी आठ पिनांचं पसंत केलं होतं आणि याला विचारत होता की चालेल का. आमचा म्हणाला, "कार्ड सोड. कॅबिनेट उघड, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो पाठव."

फोटो आला. लेबल २४० वॉटचं होतं. मग दोघं बसून १०५० टीआय शोधायला लागले, बिनतोंडाचं.